पेढीकडून शिवाराकडे : ग्रामीण महाराष्ट्रातील जैन उद्यमशीलतेचा वारसा

आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा साधने शिकविल्याचे वर्णन आहे. असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही ती षट्कर्मे होत. या यादीत कृषी, वाणिज्य आणि शिल्प ही तीन कर्मे एकत्र आली आहेत. पिकविणारा, विकणारा आणि घडविणारा हे तिघे मिळून समाजाचा निर्वाह चालवितात, असा तिचा सरळ अर्थ होय. महाराष्ट्रातील जैन समाजाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाकडे पाहताना ही यादी वारंवार आठवते, कारण त्या इतिहासात ही तीन कर्मे कधी एकमेकांपासून दुरावली आणि कधी पुन्हा जवळ आली. ती जवळ आली तेथे उजाड माळावर गावे उभी राहिली. ती दुरावली तेथे व्यापारी आणि शेतकरी यांच्यात अविश्वास वाढला.

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आली आहेत. त्यांतील पहिला श्रावक वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती. त्याच्याकडे बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. त्यांपैकी चार कोटी राखीव निधानात, चार कोटी व्यापार-व्याजाच्या वाढीत आणि चार कोटी घरगृहस्थीच्या विस्तारात होत्या. प्रत्येकी दहा हजार गायींची चार गोकुळे त्याने पाळली होती. परिग्रहाची मर्यादा घालून घेताना त्याने आपल्याकडे पाचशे नांगरांची शेती, परगावी जाणाऱ्या पाचशे गाड्या आणि स्थानिक वाहतुकीच्या पाचशे गाड्या ठेवण्याचे ठरविले, त्याहून अधिक नाही. आनंद श्रावकाने उद्योग सोडला नाही. त्याने उद्योगाला सीमा घातली. त्याची संपत्ती गोधनाशी, नांगराशी आणि गाडीशी बांधलेली होती, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे.

श्रावकाचारात पंधरा कर्मादानांचीही चर्चा आहे. ज्या धंद्यांत जीवहिंसा अधिक, ते श्रावकाने टाळावेत असा तेथे उपदेश आहे. जमीन फोडण्याचे स्फोटकर्म आणि तीळ, ऊस इत्यादी यंत्रात पिळण्याचे यंत्रपीडनकर्म यांचा त्यांत समावेश होतो. अनेक कुटुंबांनी नांगरापेक्षा तराजू आणि वही जवळ केली, त्यामागे इतर कारणांबरोबर या विचाराचाही वाटा होता. अर्थात हे सर्व जैनांना लागू नाही. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहे. तथापि गुजरात आणि राजस्थानातून आलेल्या हुंबड, ओसवाल, खंडेलवाल इत्यादी घराण्यांचा गावाशी संबंध प्रामुख्याने पेढी, दुकान आणि आडत यांच्या द्वारे जुळला.

सुपे : एक कटू पण आवश्यक स्मरण

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या खेड्यात पेढीवाल्याचे काम मोठे होते. बी-बियाणे, कापड, मीठ, सारा भरण्यासाठी रोकड, लग्नकार्यासाठी उसनवार, हे सर्व त्याच्याकडून येई आणि सुगीला धान्याच्या रूपाने फेड होई. ही व्यवस्था दोन्ही बाजूंच्या गरजेवर उभी होती. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला अवाच्या सवा भाव आला आणि पत वाढल्याने कर्जेही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. दिवाणी न्यायालये कर्जरोख्यावरील अंगठ्याला प्रमाण मानीत आणि जमिनी सावकाराच्या नावावर चढू लागल्या.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी जमाव जमला आणि त्याने गुजर व मारवाडी सावकारांची दुकाने लुटली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि वह्या मिळवून त्या जाळणे हा त्या दंगलींचा मुख्य हेतू होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून पुढे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

ज्यांच्या वह्या जळाल्या त्यांत अन्य व्यापाऱ्यांबरोबर जैन कुटुंबेही असणार, हे त्या भागातील वस्ती पाहता स्पष्ट आहे. समाजाच्या स्मरणिकांतून दानशूरांची आणि धर्मकार्याची नोंद आदराने होते व ती व्हावयासच हवी. परंतु सुप्याच्या प्रसंगाचीही नोंद होणे आवश्यक आहे, कारण पुढील प्रगतीचा अर्थ त्याशिवाय लागत नाही. साऱ्याचा बोजा, न्यायालयांची रीत आणि बाजारातील चढउतार हे सावकाराच्या हातात नव्हते. मात्र शेतकऱ्याच्या तोट्यात सावकाराची भागीदारी नव्हती, हे खरे होते. पीक बुडाले तरी रोख्यावरील आकडा वाढतच राही. गावातील पैसा गावात फिरूनही गावाची उत्पादनशक्ती वाढत नव्हती. हे दुखणे दूर करण्याचा मार्ग वेगळ्या प्रकारच्या उद्योगातच होता.

सोलापूरचे दोशी घराणे आणि माळरानावरील कारखाने

सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचे व्यापारी व पेढीवाले होते. त्याबरोबरच ते धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि समाजसुधारक म्हणून ओळखले जात. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाच्या स्थापनेमुळे त्यांचे नाव जैन पत्रकारितेच्या इतिहासात अग्रस्थानी आहे. त्यांचे पुत्र वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. वडिलोपार्जित पेढीच्या कामात वालचंदांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. एकाकडे कामाची माहिती व दुसऱ्याकडे भांडवल उभे करण्याची ऐपत, असा तो मेळ होता. पेढीवरील पैसा व्याजाच्या वहीतून निघून रुळांत, पुलांत आणि मजुरांच्या रोजीत गुंतण्याचा हा आरंभ होय.

वालचंदांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे विमान, जहाजबांधणी आणि मोटार या तीनही उद्योगांचा देशात पाया घातला. हा भाग सर्वपरिचित आहे. त्यांच्या ग्रामीण कार्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. १९२३ साली त्यांनी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे सुमारे १५०० एकर जमीन घेतली. जमीन खडकाळ होती. तिची बांधबंदिस्ती, पाण्याची सोय, रस्ते आणि मजुरांची घरे हे सर्व आधी करावे लागले. पीक आणि नफा या गोष्टी नंतरच्या. येथे १९३३ साली साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे १९४०च्या दशकात गोळ्या-चॉकलेटांचे उत्पादन सुरू झाले. ‘रावळगाव’ हे खेड्याचे नाव त्या गोळ्यांच्या कागदावर चढून देशभर पोचले.

दुसरा प्रयोग पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंबनजीक झाला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आले होते. १९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिले. पाणी, जमीन आणि बाजारपेठ अशा तिन्ही गोष्टी जुळल्या आणि १९३३-३४च्या सुमारास येथील साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले. हे गाव वालचंदनगर होय. कारखान्याच्या दुरुस्तीसाठी उभारलेली कर्मशाळा वाढत गेली. आधी साखर कारखान्यांची यंत्रे आणि पुढे अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे जड भाग येथे तयार होऊ लागले. भारतीय प्रक्षेपकांच्या बाह्यकवचांचे भाग इंदापूर तालुक्यातील एका गावात घडले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

भूगोलही येथे बोलका आहे. १८७५ साली जेथे वह्या जाळल्या गेल्या ते सुपे आणि साठ वर्षांनी जेथे बॉयलर पेटला ते वालचंदनगर हे एकाच नीरा-भीमा पट्ट्यातील आहेत. एका ठिकाणी भांडवल कागदावर होते आणि ते शेतकऱ्याला ओझे वाटले. दुसऱ्या ठिकाणी ते यंत्रात, कालव्याच्या चारीत, शाळेत आणि दवाखान्यात उतरले. शेकडो कुटुंबांना त्यातून हंगामभर रोजगार मिळाला आणि परिसरातील तरुणांना लोहारकाम, सुतारकाम, फिटर, टर्नर असे कसब मिळाले. यंत्रपीडनाचा प्रश्न श्रद्धाळू मनाला पडला असणार. परंतु उपाशी माणसाच्या हाताला काम देणे हीही करुणाच आहे, असे उत्तर या उद्योगातून मिळाले.

नांगर विकणारा शिक्षणमहर्षी

कारखाना उभारण्यासाठी भांडवल लागते, पण तो चालविण्यासाठी शिकलेले हात लागतात. ही दुसरी बाजू पश्चिम महाराष्ट्रातील एका जैन शेतकरी कुटुंबातील पुत्राने सांभाळली. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने शिक्षणाला जी चालना दिली, तिचा तो काळ होता. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून त्यांनी शिक्षण घेतले.

भाऊरावांच्या चरित्रातील एक अध्याय उद्यमशीलतेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शिक्षणसंस्था काढण्यापूर्वी त्यांनी ओगले काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी फिरते विक्रेते म्हणून काम केले. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. तो दूर करण्यासाठी गावोगाव जाऊन, बांधावर उभे राहून नांगराचे प्रात्यक्षिक द्यावे लागे. या भ्रमंतीत त्यांनी शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. औजार हाती आले तरी ते का व कसे वापरावे हे कळल्याशिवाय उपयोग नाही, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना या संस्थेचा कणा ठरली. विद्यार्थी शेतात राबत, बांधकामावर काम करीत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. श्रमाची लाज नसलेला, हिशेब कळणारा आणि गावात राहू शकणारा सुशिक्षित तरुण त्यातून घडला. पुढे सहकारी संस्था, दूध संघ आणि साखर कारखाने चालविणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील अनेकांचे शिक्षण ‘रयत’च्या शाळांत झाले.

जमिनीचा प्रश्न

खासगी कारखान्यांच्या या पहिल्या पर्वाला एक मर्यादा होती. उसाचा नियमित पुरवठा हवा म्हणून कंपन्यांनी मोठाले मळे स्वतःकडे ठेवले आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. जमिनीचा मालक मजूर म्हणून त्याच मळ्यावर राबतो आहे, असे चित्र काही ठिकाणी दिसू लागले. अशा शेतकऱ्यांस ‘खंडकरी’ म्हटले जाई. १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा येथील सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ऊस पिकविणाराच कारखान्याचा भागधारक होऊ शकतो, हे सिद्ध झाले. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यान्वये साखर कंपन्यांचे मळे शासनाकडे गेले आणि १९६३ साली त्यांच्या व्यवस्थेसाठी शेती महामंडळ स्थापन झाले. खंडकऱ्यांचा जमीन परत मिळविण्याचा लढा पुढे अनेक दशके चालला.

या घडामोडींतून उद्योजकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट होता. शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच राहिली पाहिजे. उद्योजकाने त्याला औजार, बियाणे, तंत्र, प्रक्रिया आणि खात्रीचा बाजार द्यावा. हा बोध पुढे खानदेशात प्रत्यक्षात उतरला.

खानदेशातील प्रयोग

भवरलाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जळगाव जिल्ह्यातील वाकोद या खेड्यात झाला. त्यांचे पूर्वज राजस्थानातून या भागात आले होते. कायद्याची पदवी घेतल्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत अधिकारीपदाची संधी चालून आली असता त्यांनी ती नाकारली. १९६३ साली कुटुंबाच्या साठविलेल्या ७००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी जळगावात रॉकेलच्या विक्रीस प्रारंभ केला. सुरुवातीला हातगाडीवरून विक्री होई. पुढे पंप, खते, बियाणे, ट्रॅक्टर अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी आल्या. इथपर्यंतची वाटचाल एखाद्या हुशार दुकानदाराची म्हणता येईल.

१९७८ साली एक बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना ३० लाख रुपयांना लिलावात घेतला गेला. त्यात फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन या विकराचे उत्पादन सुरू झाले आणि ते परदेशी जाऊ लागले. कच्च्या पपईवर चिरा पाडून गोळा केलेला चीक शेतकऱ्यांकडून विकत घेतला जाई. ज्या द्रवाला बाजारात काही किंमत नव्हती, त्याला गावातच ग्राहक मिळाला. १९८०पासून पीव्हीसी पाइप, १९८६ साली जैन इरिगेशन सिस्टिम्सची स्थापना आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन, अशी पुढची पावले पडली.

ठिबकचा प्रसार सोपा नव्हता. पाटाने शेत भिजलेले पाहण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला थेंबाथेंबाने पडणारे पाणी अपुरे वाटे. लोखंडी नांगराच्या वेळी जे झाले तेच येथे पुन्हा झाले. प्रात्यक्षिक क्षेत्रे, शिवारफेऱ्या, प्रशिक्षण आणि विक्रीनंतरची सेवा यांच्या बळावर विश्वास कमवावा लागला. जळगावजवळील उजाड टेकड्यांवर बांधबंदिस्ती, तळी आणि वृक्षलागवड करून ‘जैन हिल्स’ उभे राहिले आणि तेच शेतकऱ्यांसाठी शाळा ठरले. केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनीही खानदेशात मोठा बदल घडविला. पारंपरिक कंदापासून केलेल्या लागवडीला सुमारे दीड वर्ष लागे. ‘ग्रँड नैन’ जातीची रोपे सुमारे वर्षभरात निसवून काढणीला येऊ लागली.

पांढऱ्या कांद्याच्या करारशेतीचा प्रयोगही अभ्यासनीय आहे. कंपनीने बियाणे व मार्गदर्शन द्यावे, शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत पीक घ्यावे, किमान भाव आधी ठरलेला असावा आणि बाजारभाव त्याहून चढला तर खरेदीचा भावही त्यानुसार वाढावा, असे त्याचे सूत्र होते. सुप्याच्या काळातील रोख्यात संपूर्ण जोखीम शेतकऱ्यावर होती. येथे भाव पडण्याची जोखीम खरेदीदाराने उचलली. शंभर-सव्वाशे वर्षांत व्यापारी आणि शेतकरी यांच्यातील कागदाचा मजकूर बदलला, असे याचे वर्णन करता येईल.

ठिबकात अपरिग्रहाचाही एक अर्थ दडलेला आहे. जैन दर्शन पाण्यात अप्काय जीव मानते आणि म्हणूनच पाणी गाळून व जपून वापरण्याचा संस्कार घरोघरी आहे. पिकाला हवे तेवढेच पाणी देणे हा त्याच संस्काराचा शेतीतील विस्तार होय.

यशाबरोबर मर्यादाही

या इतिहासाचे केवळ गौरवगान करणे योग्य होणार नाही. १९९०च्या दशकात जैन समूहाने शेतीशी संबंध नसलेल्या वित्त, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत पाऊल टाकले आणि मोठा तोटा सोसला. भवरलालजींनी भागधारकांकडे जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि समूह पुन्हा शेतीकडे वळला. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. २०१९ साली कंपनी कर्जफेडीच्या गंभीर अडचणीत सापडली आणि २०२२ साली कर्जाची पुनर्रचना झाली. रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ साली २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहातील कंपनीस विकली गेली. उसाने समृद्धी आणली तसा पाण्यावरचा ताणही वाढविला.

या उदाहरणांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. आपल्याला ज्या मातीची आणि मालाची जाण आहे, त्यापासून दूर गेलेला उद्योग लवकर अडचणीत येतो. तसेच, कर्जाची मर्यादा ओलांडली की चांगले उत्पादनही उद्योगाला वाचवू शकत नाही. ‘परिमाण’ हा शब्द उपाश्रयाइतकाच ताळेबंदालाही लागू आहे. आनंद श्रावकाने चार कोटी राखीव ठेवले होते, ही गोष्ट आजच्या उद्योजकाने विसरू नये.

पुढील पन्नास वर्षांसाठी

आज महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत जिनमंदिर आहे, परंतु नित्य दर्शनास येणारी घरे मोजकी उरली आहेत. जुनी दुकाने बंद झाली आहेत आणि नवी पिढी पुणे, मुंबई, बंगळूरु अथवा परदेशी स्थिरावली आहे. शिक्षणाने मिळालेल्या या संधींचे स्वागतच आहे. पण गाव सुटले की केवळ एक बाजारपेठ सुटत नाही. ज्या शेतकऱ्याने आजोबांवर विश्वास ठेवला, त्याच्याशी असलेले नातेही सुटते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमतो, परंतु त्या मंदिरात घंटा वाजविणारी कुटुंबे गावात राहावयाची असतील तर तेथे अर्थार्जनाचे साधन हवे. धर्मकार्य आणि अर्थकार्य यांचा हा संबंध आता उघडपणे मान्य केला पाहिजे.

विश्वस्त संस्थांना कायद्याने मर्यादा आहेत. न्यासाचा निधी कोणाच्या खासगी धंद्यात गुंतविता येत नाही आणि ते योग्यही आहे. परंतु संस्थेच्या सभागृहात उद्योगाचे प्रशिक्षण देता येते. समाजातील अनुभवी व्यापाऱ्यांना नवउद्योजकांचे मार्गदर्शक म्हणून नेमता येते. अन्नप्रक्रिया, शीतगृहे, शेती अवजारे आणि पशुवैद्यक या विषयांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या ठेवता येतात. वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा जसा सत्कार होतो, तसा तालुक्याच्या गावी डाळ मिल किंवा हळद प्रक्रियेचा उद्योग सुरू करणाऱ्या तरुण-तरुणींचाही झाला पाहिजे.

साधनेही पूर्वीपेक्षा अधिक आहेत. २००२च्या कायदादुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग खुला झाला. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. शेतकरी उत्पादक कंपनीकडे माल असतो, पण हिशेब, प्रतवारी, आवेष्टन आणि दूरच्या बाजारातील ओळख यांची तिला उणीव भासते. नेमकी हीच कौशल्ये व्यापारी समाजाकडे पिढीजात आहेत. शेतकऱ्यांच्या कंपनीचा पहिला खात्रीचा ग्राहक, तिचा विनामूल्य हिशेब सल्लागार किंवा तिच्या मालाला शहरात दुकान मिळवून देणारा दुवा, यांपैकी एक भूमिका प्रत्येक गावातील एका जैन कुटुंबाने घेतली तरी मोठे काम होईल.

हे करताना कर्मवीरांचा आदर्श नजरेसमोर राहावा. त्यांचे वसतिगृह एका जातीचे नव्हते. जैन उद्योजकाने उभारलेल्या गावातील उद्योगात सर्व समाजांच्या मुलांना काम आणि कसब मिळाले, तरच तो उद्योग गावाचा होतो. सुप्याला जी दुकाने लुटली गेली ती गावात असूनही गावाची नव्हती. वालचंदनगरच्या कर्मशाळेत शिकलेला कामगार आणि ठरलेल्या भावाने कांदा देणारा खानदेशचा शेतकरी यांनी उद्योगाला आपले मानले, कारण त्यात त्यांचाही वाटा होता.

सुवर्णमहोत्सव हा मागे पाहण्याचा तसाच पुढील कार्य ठरविण्याचा प्रसंग असतो. पुढील पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा तीत मंदिरे, वसतिगृहे आणि दानाच्या नोंदींबरोबर या परिसरातील खेड्यांत उभ्या राहिलेल्या छोट्या उद्योगांची आणि त्यांनी गावात थांबविलेल्या तरुणांची यादीही असावी. ती यादी लिहिण्यास आजच प्रारंभ व्हावा.